म्हाताऱ्याला कपडे देता का?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ भरून आलं की माझी आई त्याच्याशी भांडते. भांडते म्हणजे खरोखर भांडते. ओट्यावर उभी राहून, पदर खोचून, एक हात कमरेवर ठेवून. "मेल्या, पावसाळाभर पोट भरलं नाय काय तुझं? आता कशाला आलास?" तिनं पंच्याऐंशी केव्हाच ओलांडली आहे. तिला ऐकू कमी येतं, आणि आपल्यासारखंच सगळ्या जगाला कमी ऐकू येतं असा तिचा समज आहे, त्यामुळे आभाळाशीही ती ओरडूनच बोलते. आमच्या घरावरून राजोडीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या कधीकधी वेग कमी करतात. आतल्या लोकांना वाटतं, म्हातारी आपल्यालाच बोलतेय.

तिच्या रागाला कारण आहे. मागच्या अंगणात मांडवावर सुकेळी पसरलेली असतात. वसईबाहेरच्या माणसाला सुकेळी म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि नुसतं सांगून ते त्याला कळतही नाही. राजेळी केळ्यांचा घड उतरवायचा, गवतात झाकून पिकवायचा, केळी सोलायची आणि मांडवावर उन्हात अंथरायची. रोज पालटायची. ऊन उतरलं की दंव पडायच्या आत गोळा करायची, केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून रात्रभर उबेला ठेवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात मांडायची. असं आठवडा-दहा दिवस केलं की केळं आकसतं, मधाच्या रंगाचं होतं आणि पुढे कितीतरी दिवस टिकतं. या सगळ्यात माणसाच्या हातात काय, तर पालटणं आणि झाकणं. बाकीचं वरचा बघतो. मळभ रेंगाळलं की केळी चिकट होतात, बुरशी धरते, आणि सगळी मेहनत शेजारच्या बकऱ्यांच्या पोटात जाते.

यंदा नाताळ झाला आणि मळभ आलं. आईनं आभाळाचा यथासांग उद्धार केला. मी गच्चीवर चढायचो, आभाळ बघायचो, खाली यायचो, मोबाईलवर हवामान बघायचो, पुन्हा गच्चीवर. माझी बायको वृंदा दोन-तीन दिवस हे बघत होती. शेवटी म्हणाली, "सुकेळ्यांची एवढी काळजी तुम्हाला कधीपासून लागली?" मी काहीतरी पुटपुटलो. सुकेळी बकऱ्यांनी खाल्ली असती तरी मला फारसं वाईट वाटलं नसतं. मला जानेवारीची भीती वाटत होती.

सांगूनच टाकतो. या नव्या वर्षात मला एकोणसाठावं पुरं होणार. माझे बाबा एकोणसाठाव्या वर्षी गेले.

मी बाबांसारखा दिसतो असं सगळेच म्हणतात. लहानपणी याची ऐट वाटायची. कोणी पाहुणा आला की माझी हनुवटी धरून म्हणायचा, "हा तर डिट्टो बाप," आणि मी छाती फुगवायचो. आता सकाळी दाढी करायला उभा राहिलो की आरशात बाबा उभे असतात. तेच पुढे आलेलं कपाळ, तीच उजवी भुवई किंचित वर. त्यांच्या गालाला फेस लागलेला असतो, आणि पुढे काय होणार आहे याची त्यांना काही कल्पना नसते. मला असते. हल्ली मी आरशाकडे पाठ करून दाढी करायला शिकलोय. दोनदा कापून घेतलं.

नोकरीही अशी की मनाला दुसरीकडे वळवावं म्हटलं तर सोय नाही. कामणला एका मोठ्या गोदामात मी मालाची आवक-जावक बघतो. बिस्किटं, साबण, सॉस, लोणची, काय म्हणाल ते. डिसेंबरात आमचं एक मोठं काम असतं: मुदत संपत आलेला माल वेगळा काढायचा. खोके फिरवून फिरवून पाठीवरच्या तारखा बघायच्या. इतकी वर्षं हे काम केलं, कधी मनात काही आलं नाही. यंदा सॉसच्या एका बाटलीवर पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपासची तारीख दिसली आणि मी ती बाटली हातात घेऊन उभाच राहिलो. ही बया माझ्यापेक्षा लांबचा पल्ला मारणार की काय, असं मनात आलं. हाताखालच्या पोरांनी विचारलं, "सर, माल खराब आहे का?" म्हटलं, "नाही रे, चांगला आहे." आणि बाटली जागेवर ठेवली. तेवढ्या वेळात मला त्या सॉसचा खराखुरा राग आला होता.

बाबांना असल्या गोष्टींचं काही वाटत नसे. त्यांचं सगळं आयुष्य केळींत गेलं आणि मरणाबद्दलची त्यांची मतंही केळीकडूनच आलेली होती. घड उतरवला की ते कोयत्यानं ती केळ बुंध्याशी तोडायचे. एका घावात. लहान असताना मला ते बघवायचं नाही. कालपर्यंत जिच्या सावलीत बसलो, जिनं एवढा घड दिला, तिलाच तोडायचं? बाबा हसायचे. "ती कुठं रडते काय बघ. एकदाच येते, एकच घड देते, आन् आडवी होते. तिला ठाऊक असतं." मग बुंध्याशी उगवलेल्या मुनव्यांतला, नव्या कोंबांतला, एक चांगला, जाडसर मुनवा राखायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. "हा बघ, ही पन तीच. गेली कुठं?" मला ते पटायचं नाही. मुनवा म्हणजे दुसरी केळ. पहिली ती पहिली. मी आजही याच मताचा आहे, आणि यात मी बाबांवर गेलेलो नाही.

ते शेवटचं वर्ष मला ऋतूसकट आठवतं. मी नुकता नोकरीला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं. तेव्हा आमची वाडी पार ओढ्यापर्यंत होती; आता घराच्या मागे उरल्यात त्या मोजक्या केळी, दोन माड आणि आईचा मांडव. थंडी चांगली पडली होती. सकाळी विहिरीच्या पाण्यातून वाफ निघायची, आणि पाटातलं पाणी पायाला कोमट लागायचं. आमच्या कुंपणापलीकडे फ्रान्सिसकाकांचं घर. बाबांचे ते लहानपणापासूनचे सोबती. नाताळात त्यांच्या व्हरांड्यात कागदी चांदणी लागायची, आत बल्ब. वाऱ्यानं ती हलली की तिचा तांबडा-हिरवा उजेड आमच्या मांडवावरच्या सुकेळ्यांवरून फिरायचा. तिकडून फराळाचं ताट यायचं, इकडून सुकेळी जायची. ताट रिकामं परत करायचं नाही हा दोन्ही घरांचा नियम, त्यामुळे ते एकच ताट आठवडाभर कुंपणावरून ये-जा करायचं. त्या वर्षी ऊन असं काही लागलं होतं की सुकेळी नखाएवढीही डागाळली नाहीत. बाबा म्हणाले, असं साल जन्मात एकदा येतं. आई लगेच म्हणाली, दृष्ट लावू नका.

आणि आमच्याकडे वर्षाच्या शेवटी म्हातारा असतो. गावातली ख्रिस्ती पोरं गवताचा माणूस करतात. जुनी पँट, जुनी टोपी, तोंडाला कोळशानं काढलेल्या मिशा. तो सरलेल्या वर्षाचा म्हातारा. त्याला कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी खुर्चीत बसवतात, त्याच्या नावानं खाऊला पैसे मागतात आणि वर्ष संपताना त्याला जाळून टाकतात. इडापिडा त्याच्याबरोबर गेली, असा हिशेब. कपडे मात्र घरोघर मागूनच आणायचे. विकतचे चालत नाहीत. "म्हाताऱ्याला कपडे देता का?" असं ओरडत पोरं दारोदार फिरतात, आणि हिंदू घरंही हौसेनं देतात. गावचाच म्हातारा तो.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी उन्हं कलताना पोरं आमच्या वाडीत आली. म्हाताऱ्याला त्यांनी हातगाडीवर घातलेलं. पँट होती, टोपी होती, पण वरचं अंग उघडं, गवत बाहेर आलेलं. बाबा सुकेळी गोळा करत होते. त्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं, हात पुसले, आणि अंगातला चौकड्यांचा शर्ट काढून त्याला घातला. बटणंसुद्धा स्वतः लावली. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, "आता शोभला. माझ्यापेक्षा तरना दिसतो की." पोरं टाळ्या पिटत निघाली.

आई घरातून धावत आली. "अंगावरचा काय दिलात? धुऊन तरी द्यायचा!"

आमच्याकडे ही रीत आहे. वापरातला कपडा कोणालाही द्यायचा तर आधी पाण्यातून काढायचा. नुसता बुडवून पिळला तरी चालतो. घामाबरोबर माणसाचं काहीतरी त्या कपड्यात राहतं म्हणतात. ते पाण्यात सोडायचं, मग कपडा मोकळा. बोहारणीला द्यायची चिंधीसुद्धा आई बुडवल्याशिवाय देत नसे. बाबा बनियनवर उभे होते, थंडीनं अंगावर काटा आलेला, आणि तरी हसत होते. "गवताच्या मान्साला काय कळतंय, साबन लावला का नाय ते."

माघात एके सकाळी ते केळींना पाणी सोडायला गेले. पाट मोकळा केला, बांधावर टेकले आणि परत उठले नाहीत. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भरत गेलं, आणि सगळी वाडी चिखल झाली तेव्हा कुंपणापलीकडून फ्रान्सिसकाकांना शंका आली. डॉक्टर म्हणाले, हृदय. कोणाला काही करता आलं नसतं. आई त्या दिवशी रडली नाही. सगळं गाव अंगणात जमलेलं असताना ती खणखणीत आवाजात म्हणाली, "पान्यातून काढला असता तर राहिले असते."

त्यानंतर आमच्या घरातून म्हाताऱ्याला चिंधीही गेली नाही. माझे जुने शर्ट आई स्वतः फाडायची. त्यांची पायपुसणी व्हायची, फडकी व्हायची, पण बाह्यांसकट अख्खा शर्ट घराबाहेर गेलेला मला आठवत नाही. पोरांनाही हे ठाऊक. मोठी झालेली पोरं लहानांना सांगून ठेवतात आणि आमचं दार वगळून पुढे जातात.

मी स्वतः दैवबिव मानत नाही. चारचौघांत तसं ठणकावून सांगतो. बाबांच्या धमन्या तुंबल्या होत्या, शर्टाचा काय संबंध, हे मी आईला इतक्या वर्षांत किती वेळा समजावलं असेल. पण मीही कधी शर्ट दिला नाही. देऊन बघायची हिंमत झाली नाही असं म्हणा. न मानणारा माणूस आणि मानणारा माणूस यांच्यात निदान माझ्या बाबतीत तरी एवढाच फरक आहे की मानणारा रात्री झोपतो.

मला हल्ली झोप लागत नाही. मुलीनं पुण्याहून मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवलंय, ते नाडीचे ठोके दाखवतं. ठोके बघितले की ते वाढतात. वाढलेले बघून आणखी वाढतात. शेवटी वृंदानं ते काढून फ्रिजवर ठेवलं. तिचं म्हणणं साधं आहे: डॉक्टरकडे चला, तपासण्या करा, काय ते कळेल. मी म्हणत आलो, नव्या वर्षात बघू. कळेल, याचीच तर भीती. डॉक्टरनं काही काढलं तर मी गेलोच, आणि नाही काढलं तर बाबांचंही कुठं काही निघालं होतं? तुम्ही म्हणाल, हे काय बोलणं झालं. मलाही दुसऱ्याचं ऐकलं असतं तर तसंच वाटलं असतं.

या सगळ्यात आईला काही सुगावा लागू नये म्हणून मी जपत होतो. पण ऐकू कमी येणाऱ्या माणसांना नको ते नेमकं ऐकू येतं. नाताळाच्या आदल्या दिवशी घड सोलता सोलता तिनं अचानक विचारलं, "तू यंदा कितवं पुरं करतोस?"

"सत्तावन्न," मी म्हणालो.

जन्मदात्या आईला स्वतःचं वय चुकवून सांगणारा माझ्याइतका शहाणा वसई तालुक्यात दुसरा नसेल. तिनं माझ्याकडे बघितलं. हातातलं केळं अर्धं सोललेलं होतं, ते पुरतं सोललं, मांडवावर ठेवलं आणि पुढचं घेतलं. मला वाटलं, पचलं.

आता आईच्या लुगड्याचं सांगायला हवं. तिच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक कोरं नऊवारी आहे, होतं. मोतिया रंगाचं, हिरव्या काठाचं. काही वर्षांपूर्वी वृंदाला घेऊन ती वसईच्या बाजारात गेली आणि स्वतः निवडून घेऊन आली. मेल्यावर नेसवायला. दुकानदारानं कौतुकानं विचारलं, "काय आजी, लग्नकार्य का?" तर म्हणाली, "नाय रे, मी जानार, त्याचं. काठ पक्का हाय ना?" तो बिचारा इतका गडबडला की घासाघीस न होताच त्यानं भाव कमी केला. वृंदा घरी येऊन हसून हसून रडली होती. दरवर्षी पाऊस सरला की आई ते लुगडं उन्हाला दाखवायची, पुन्हा घडी घालायची, आणि वृंदाला बजावायची, "हे. ऐनवेळी शोधत बसू नको." त्या लुगड्यावर तिचा फार जीव. ते असल्यामुळे तिला मरणाची धास्ती नव्हती असं मला वाटतं. प्रवासाला निघायचं, पिशवी भरून दाराशी ठेवलेली, गाडी येईल तेव्हा येवो. मी मात्र या बाबतीत पिशवी कुठं ठेवलीय तेही न बघणारा.

मळभ शेवटी हटलं. वर्षाच्या अखेरच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आईनं आभाळाला माफ केल्याचं मी कामावर निघताना ऐकलं. गोदामात सगळ्यांना लवकर सुटायची घाई होती. कोणी दमणला, कोणी राजोडीला, कोणी नुसताच बिर्याणीला. मला सगळे "हॅपी न्यू इयर, सर" म्हणत होते आणि मी प्रत्येकाला 'सेम टू यू' म्हणून दाराकडे सरकत होतो. मी स्कूटर काढली. कामणपासून घरापर्यंत सगळ्या रस्त्याला जिथं तिथं म्हातारे बसलेले. एक गॉगल लावलेला, एकाच्या गळ्यात टाय, एकाच्या मांडीवर फुटका लॅपटॉप. सगळे रात्री जाणार होते आणि कसे ऐटीत बसले होते.

आमच्या कोपऱ्यावर क्रुसापाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. किनाऱ्यावर निघालेले पाहुणे गाड्या थांबवून फोटो काढत होते. मी स्कूटर बाजूला घेतली. खुर्चीत म्हातारा नव्हता. म्हातारी होती. डोक्याला पांढऱ्या सुतळीचा अंबाडा, कानात बांगड्यांचे तुकडे, आणि अंगभर चापूनचोपून नेसवलेलं मोतिया रंगाचं लुगडं. हिरव्या काठाचं.

फ्रान्सिसकाकांची नात रेचल या पोरांची म्होरकी. कॉलेजात आहे, तरी या कामाला पुढे. मला बघून धावत आली. "अंकल, बघितलं? या वर्षी फर्स्ट टाइम म्हातारी! तुमच्याकडच्या आजींची, तुमच्या आईंची आयडिया. काठी टेकत टेकत स्वतः आल्या. म्हणाल्या, दरवर्षी म्हाताऱ्याला पाठवता, म्हातारीला कधी पाठवणार? आम्हाला नऊवारी कुठे जमणार, नेसवली पण त्यांनीच."

मी नुसता मान हलवत होतो.

"आणि अंकल..." ती जरा घुटमळली. "जाताना त्या तिच्या कानात काहीतरी बोलल्या. त्यांना वाटलं हळू बोलतायत. पण त्या कशा बोलतात माहितीय ना तुम्हाला. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'माझ्या पोराला हात लावू नको. मी येते.'"

मला तिथं उभं राहवेना आणि तिथून हलवेनाही. त्या म्हातारीच्या निऱ्या इतक्या नीट बसल्या होत्या. आईच्या हाताला हल्ली कंप आहे, चहाची बशी धरवत नाही तिला. गवताच्या बाईला नऊवारी नेसवायला तिला किती वेळ लागला असेल, किती वेळा वाकली असेल. मला रडू आलं, आणि समोर कोणीतरी सेल्फी काढत होतं म्हणून ते गिळावं लागलं. लुगडं परत मागावं असंही मनात आलं. पण दिलेलं परत घ्यायचं कसं, आणि सांगायचं काय?

रेचललाच माझी दया आली असावी. विषय बदलावा म्हणून ती म्हणाली, "एकटी बसलीय ना, बरं नाही वाटत. तिला जोडीदार हवा होता. गवत आहे, पँट पण आहे. शर्टच नाही मिळाला कुठे."

क्रुसाच्या बाजूला नळ आहे. घरही हाकेच्या अंतरावर. घरी जाऊन जुना शर्ट आणता आला असता, पाण्यातून काढता आला असता. मला हे सगळं त्या क्षणी लख्ख आठवत होतं, नाही असं नाही. पण मला आणखी एक गोष्ट दिसत होती. ती खुर्ची माझी होती. आई माझ्या जागेवर जाऊन बसली होती, आणि मी गोदामात खोक्यांच्या तारखा बघत होतो. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आईनं आपल्या बदली जावं आणि आपण जगावं, एवढं जगण्यावर माझं प्रेम आहे का? असेलही. पण ते मला सहन होईना. मी बटणं काढली आणि शर्ट रेचलच्या हातात दिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. पाहुण्यांपैकी एकानं माझाही फोटो काढला.

बनियनवर स्कूटर चालवत मी घरी आलो. थंडी चांगलीच होती. आई मागच्या अंगणात सुकेळी पानांत गुंडाळत होती. तिनं वर बघितलं, आणि तिचे हात थांबले. याच मांडवापाशी, याच वेळेला, असाच एक माणूस तिनं आधी बघितला होता. मला वाटलं ती आता ओरडणार. ती बघत राहिली, मग खाली वाकून पुढचं पान उचललं. मी तिच्या शेजारी बसलो आणि गुंडाळायला लागलो. वृंदा शाल घेऊन आली, माझ्या अंगावर टाकून गेली. कोपऱ्यावर पुढे काय झालं ते बघायला आमच्यापैकी कोणी गेलं नाही.

सकाळी जाग आली ती उजाडल्यावर. किती दिवसांनी मी असा झोपलो होतो. उठून तडक आईच्या खोलीकडे निघालो, तर ती काठी टेकत माझ्या खोलीकडे यायला निघालेली. मधल्या पॅसेजमध्ये आमची गाठ पडली.

"हायस?" ती म्हणाली.

"आहे. तू?"

"दिसत नाय काय?"

मग आम्ही मांडवावर केळी पसरायला गेलो. कोपऱ्यावरून जळक्या गवताचा वास येत होता. ऊन कोवळं होतं, आणि सुकेळ्यांना आता रंग चढायला लागला होता. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. ती होती, मांडवाच्या पलीकडे कुठेतरी बसून होती. डॉक्टरकडे जायचं मात्र मी वृंदाला कबूल केलं होतं, या आठवड्यातच.

"कितवं पुरं करतोस यंदा?" आईनं मान वर न करता विचारलं.

"एकोणसाठ."

"ठाऊक हाय मला. मी होते तिथं." तिनं एक केळं उचललं, वास घेतला, परत ठेवलं. "शर्ट धुऊन दिलास?"

"नाही. अंगावरचा दिला."

"बापाचा पोर." ती केळी पालटत राहिली.

"तू तरी कुठं धुतलंस?" मी म्हणालो.

"कोरं होतं ते. त्यात धुवायचं काय? माझं काय होतं त्यात?"

हे मला सुचलंच नव्हतं. तिलाही बहुधा आत्ताच सुचलं असावं, कारण ती थांबली, आणि तिच्या तोंडावर मी लहानपणापासून ओळखतो तो एक भाव आला, बाजारात सौदा फसल्यावर येतो तो.

"आता तुला दुसरं आणायला हवं," मी म्हणालो.

"हवंच. असं कसं जायचं, लोकं काय म्हनतील?" ती काठीवर रेलून जरा विचार करत उभी राहिली. "दिवाळीला घेऊ. तेव्हा चांगले काठ येतात. तवर या घरात कोनी मरायचं नाय." मग माझ्या हातातल्या केळ्याकडे बोट दाखवून, आभाळालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "नुसता बघत काय बसलास? पालट! खालची बाजू अजून ओली हाय."